चार दात काढायचे की कमान रुंदवायची?

गेल्या अंकात तारा कोणत्या वयात लावाव्यात यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत वयाचे प्रश्न कमी आणि आकड्यांचे जास्त निघाले. दवाखान्यातून मिळालेल्या ‘मॉडेल ॲनालिसिस’च्या, म्हणजे दातांच्या ठशावरून केलेल्या प्लास्टरच्या मॉडेलवर घेतलेल्या मापांच्या, कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा, पाठवायचा आणि खाली लिहायचं, ‘डॉक्टर, यातलं काही कळत नाही.’ म्हणून या खेपेला मापांचंच बोलू. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे. खालचे पुढचे दात एकावर एक चढलेत, वरचे सुळे बाहेर आलेत. एका डॉक्टरांनी चार चांगले दात काढायला सांगितले. दुसरे म्हणतात, एकही दात काढायला नको, जबडा रुंद करू. दोघांच्या टेबलावर मॉडेल तेच होतं. सासूबाईंचं म्हणणं, धडधाकट दात काढले की पोरीचा चेहरा बसेल. कोणाचं ऐकू? *(एक आई, बार्शी)*

उत्तर : ताई, तुमच्या कागदावर खालच्या जबड्याचे दोन आकडे आहेत : लागणारी जागा 65.8 मिमी, असलेली जागा 59.3 मिमी. म्हणजे साडेसहा मिलिमीटरची तूट. पहिला आकडा कसा येतो ते सोपं आहे. कॅलिपरची टोकदार टोकं दोन दातांच्या मधे शिरवायची आणि दाढांच्या पुढचे दहाही दात एकेक करून मोजायचे : पटाशीचे चार, सुळे दोन, उपदाढा चार. बेरीज केली की झालं. इथे मतभेदाला फारसा वाव नाही.

गोम आहे ती दुसऱ्या आकड्यात. असलेली जागा मोजायला आम्ही एक मऊ पितळी तार घेतो. तिचं टोक एका बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या कडेला टेकवतो, तिथून उपदाढांच्या माथ्यावरून पुढे आणतो, पटाशीच्या दातांच्या धारेवरून वळवून पलीकडच्या दाढेपर्यंत नेतो. मग तार सरळ करून मोजतो. आता बघा, तुमच्या मुलीचे पुढचे दात एका रेषेत नाहीतच. एक आत, एक बाहेर. मग तार कोणत्या दातावरून न्यायची? आतल्यावरून नेली तर लांबी कमी भरते, बाहेरच्यावरून नेली तर जास्त. ढोबळ हिशोब असा की पटाशीचे दात एक मिलिमीटर पुढे धरले की जागा दोन मिलिमीटरने वाढते, कारण कमानीच्या, म्हणजे दातांच्या अर्धगोल रांगेच्या, दोन्ही बाजू लांबतात. म्हणजे तार कुठून फिरवायची हे ठरवतानाच उपचार अर्धा ठरून जातो. तुमच्या दोन डॉक्टरांचं मॉडेल एकच असलं, तरी तार बहुधा एकाच रेषेतून फिरलेली नाही.

केरी यांच्या जुन्या नियमाप्रमाणे तूट अडीच मिलिमीटरपर्यंत असेल तर दात काढायचे नाहीत, अडीच ते पाचमध्ये दुसऱ्या उपदाढांचा विचार करायचा, पाचच्या वर पहिल्या उपदाढा काढायच्या. पहिले डॉक्टर या नियमाला धरून बोलले. पण हा नियम म्हणजे नुसती सुरुवात. त्यात चेहरा नाही, ओठ नाहीत, दातांचा कल नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरांचं. वरचा जबडा खरोखर रुंद करता येतो. टाळूच्या मधोमध हाडाची एक शिवण असते, ती या वयात अजून पक्की जुळलेली नसते. स्क्रूची प्लेट दाढांना चिकटवून किल्लीने फिरवली की ती उघडते. बहुतेक स्क्रू पाव वळणाला पाव मिलिमीटर उघडतात. पण खालच्या जबड्यात अशी शिवण शिल्लक नसते. हनुवटीच्या मधली जोडणी बाळ वर्षाचं व्हायच्या आतच हाडाने भरून जाते. तेव्हा खाली ‘जबडा रुंद करणं’ म्हणजे जबडा तिथेच आणि दात बाहेरच्या बाजूला कलंडवलेले. शिवाय वरती रुंदीची गरज आहे का, हेही पाहायला हवं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढांमधलं, टाळूच्या बाजूने हिरडीपाशी मोजलेलं अंतर साधारण 35 ते 39 मिमी असलं तर वरचं हाड पुरेसं रुंद आहे असं आपण धरतो. तुमच्या कागदावर ते 36.4 आहे. जबडा अरुंद नाही आणि खालच्या दाढा वरच्यांच्या बाहेर पडतात असंही कागदावर नाही.

रुंदी वाढवून परिघ, म्हणजे कमानीची तारेने मोजलेली लांबी, किती मिळतो, याचाही हिशोब आहे. वरच्या कमानीत उपदाढांपाशी जितकी रुंदी वाढते, त्याच्या सुमारे 0.7 पट परिघ वाढतो. चार मिलिमीटर रुंदवा, मिळतील तीनच्याही आत. खालची साडेसहाची तूट त्यातून भरत नाही. उरलेली जागा पुढचे दात पुढे ढकलून आणि दातांच्या कडा मधे थोड्या घासून काढावी लागते. तुम्ही पाठवलेल्या बाजूच्या फोटोत मुलीचे ओठ टेकवायला हनुवटीवर ताण येतोय, सुरकुत्या दिसतायत. पुढचे दात आधीच पुढे असतील तर ते आणखी पुढे न्यायला मी तरी धजणार नाही.

चेहरा बसेल ही सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. ओठ आधीच आत असलेल्या, तूट कमी असलेल्या मुलांत चार दात काढले तर तसं दिसू शकतं. पण तुमच्या मुलीत काढलेल्या दातांची बरीचशी जागा वेडेवाकडे दात सरळ करण्यातच खर्ची पडेल. हे भांडण आमच्या धंद्याइतकंच जुनं आहे. 1911 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अँगल यांच्या ‘एकही दात काढू नका’ या पंथाशी कॅल्व्हिन केस यांनी जाहीर वाद घातला होता. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी स्वतःचे, दात न काढता सरळ केलेले आणि पुन्हा बिघडलेले रुग्ण बोलावले आणि उपदाढा काढून त्यांच्यावर पुन्हा उपचार केले.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा : उपचार संपेल तेव्हा खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर आजच्यापेक्षा किती वाढलेलं असेल, आणि खालचे पुढचे दात किती पुढे गेलेले असतील? याचं उत्तर मिलिमीटरमध्ये देणाऱ्याकडे जा. मी मुलीला पाहिलेलं नाही, पण कागदावरून आणि फोटोवरून माझा कल पहिल्या डॉक्टरांकडे आहे.

प्रश्न : मुलगा साडेआठ वर्षांचा. खालचे चार नवे दात आलेत, जरा वाकडे आहेत. डाव्या बाजूची दुधाची मागची दाढ किडली आहे. ओळखीचे डॉक्टर म्हणतात दुधाचीच आहे, काढून टाका. पुढचे दात आपोआप सरळ होतील का? *(एक बाबा, चिपळूण)*

उत्तर : दाढ काढू नका. उत्तर इथेच संपवलं तरी चालेल, पण कारण मजेदार आहे.

दुधाचा सुळा आणि दोन दुधाच्या दाढा मिळून जितकी जागा अडवतात, तेवढी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या तीन दातांना लागत नाही. कारण उपदाढा दुधाच्या दाढांपेक्षा अरुंद असतात. नान्स यांनी 1947 मध्ये दिलेली सरासरी अशी : खाली प्रत्येक बाजूला 1.7 मिमी, वर 0.9 मिमी. ही निसर्गाने ठेवलेली मुदतठेव आहे आणि तिचा मोठा वाटा त्या किडलेल्या मागच्या दाढेत आहे. ती दाढ गेली की सहाव्या वर्षी आलेली मोठी दाढ पुढे सरकते आणि ठेव तिथेच मोडते.

तुमच्या मुलाची पुरेल की नाही, हे न आलेल्या दातांची रुंदी कळल्याशिवाय कसं सांगायचं? त्यासाठी 1974 चं तनाका-जॉन्स्टन यांचं गणित आहे. खालच्या चार पटाशीच्या दातांची बेरीज करा, निम्मी करा, त्यात 10.5 मिळवा; आला एका बाजूच्या खालच्या सुळ्याचा आणि दोन उपदाढांचा अंदाज. वरच्यासाठी 11 मिळवायचे. तुमच्या डॉक्टरांनी बेरीज 22.4 दिली आहे. निम्मे 11.2, अधिक 10.5, म्हणजे 21.7 मिमी. पुढचे चार दात सरळ झाल्यावर सुळ्यापासून मोठ्या दाढेपर्यंत जागा उरते उजवीकडे 22.1, डावीकडे 21.9. पुरते! पण मोठ्या दाढा आहेत तिथेच राहिल्या तर. हे सूत्र उत्तर युरोपीय वंशाच्या मुलांच्या मापांवरून बांधलेलं आहे; आपल्याकडच्या पोरांत ते बऱ्याचदा थोडा जास्तच आकडा सांगतं, त्यामुळे इथे चूक झाली तरी तुमच्या बाजूनेच होण्याची शक्यता जास्त.

दाढेचं मुळापर्यंत काम करावं लागलं तरी करून घ्या आणि टोपी बसवा. अगदीच वाचण्यासारखी नसेल तर काढल्याबरोबर जागा राखणारं कडं बसवून घ्या; पुढच्या सुट्टीत बघू म्हणू नका. साधारण दहाव्या वर्षी खालच्या दाढांना आतून तार जोडून त्या जागीच धराव्या लागतील. या वयात खालच्या पुढच्या दातांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची दाटी असणं आजारात मोडत नाही.

प्रश्न : दोन वर्षं तारा होत्या. चावा नीट बसला, पण वरच्या मधल्या दातांच्या शेजारच्या दोन्ही दातांच्या मागे बारीक फट राहिली. डॉक्टर म्हणतात दातच लहान आहेत, भरून घ्या. पैसे वाढवायचा हा प्रकार आहे का? *(वय 22, लातूर)*

उत्तर : नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे तारा लावण्याआधी सांगायला हवं होतं, ही तक्रार मात्र रास्त आहे, कारण ते पहिल्याच दिवशी मोजता येतं.

वरचे सहा पुढचे दात खालच्या सहांवर झाकणासारखे बसतात. झाकण डब्यापेक्षा ठरावीकच मोठं असावं लागतं. वेन बोल्टन यांनी उत्तम चावा असलेल्या 55 जणांची मापं घेऊन 1958 मध्ये हे प्रमाण प्रसिद्ध केलं : खालच्या सहा दातांची रुंदी वरच्या सहांच्या 77.2 टक्के, पहिल्या दाढांपर्यंतचे बाराही दात धरले तर 91.3 टक्के.

तुम्ही आकडे पाठवलेत म्हणून करूनच दाखवतो. वर मधले दोन 8.6 आणि 8.6, शेजारचे 5.8 आणि 5.6, सुळे 7.8 आणि 7.8. बेरीज 44.2. खाली पटाशीचे 5.3, 5.3, 5.8, 5.8 आणि सुळे 6.7, 6.7. बेरीज 35.6. भागाकार केला तर 80.5 टक्के. बोल्टन यांच्या 77.2 च्या हे बरंच वर आहे. 35.6 ला 0.772 ने भागलं तर वर हवे होते 46.1 मिमी, म्हणजे जवळजवळ दोन मिलिमीटर कमी आहेत. आणि कमी कुठे आहेत हे आकड्यांतच दिसतंय. मधले दात चांगले साडेआठ मिलिमीटरचे आणि त्यांच्या शेजारचे पावणेसहाच्याही आतबाहेर.

आता तीन वाटा. शेजारच्या दोन दातांना कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, प्रत्येकी सुमारे एक मिलिमीटर रुंद करायचं. फट जाते आणि दातांचं आपसातलं प्रमाणही चांगलं दिसतं. दुसरी, खालचे दात मधे घासून दीड मिलिमीटर कमी करायचे आणि मग वरचे मागे ओढून फट मिटवायची. पण तारा निघाल्यावर आता हे म्हणजे सगळं पुन्हा सुरू. तिसरी, फट तशीच ठेवून खूश राहायचं. सुळ्याच्या अलीकडची अर्धा-पाऊण मिलिमीटरची फट समोरच्याला सहसा दिसत नाही, ती आपल्यालाच आरशात दिसते. मी पहिली वाट धरली असती. भरण्याआधी रिटेनरचं, म्हणजे तारा काढल्यावर दात जागीच धरायला घालतात त्या साच्याचं, काय करायचं हे विचारून घ्या. दातांचा आकार बदलला की जुना रिटेनर बसत नाही.

प्रश्न : सर, एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. पाँट इंडेक्स घोकून झाला, पण क्लिनिकमध्ये कोणीच वापरत नाही. मग परीक्षेला का? *(एक विद्यार्थिनी, नागपूर)*

उत्तर : कारण मौखिक परीक्षेत विचारायला सोपा आहे! वरच्या चार पटाशीच्या दातांची बेरीज गुणिले शंभर, भागिले 80 म्हणजे उपदाढांपाशी हवी ती रुंदी, भागिले 64 म्हणजे दाढांपाशी. बेरीज 31 असेल तर 38.75 आणि 48.4. छान दिसतं. पण पाँट यांनी 1909 मध्ये हे फ्रेंच लोकांच्या तोंडांवरून मांडलं आणि इतर लोकांत ते तपासून घ्यावं असं त्यांनी स्वतःच सुचवलं होतं. नंतर ठिकठिकाणी तपासलं तेव्हा दातांची रुंदी आणि कमानीची रुंदी यांचा संबंध इतका सैल निघाला, की एका माणसाच्या उपचाराचं लक्ष्य त्यावरून ठरवणं धोक्याचं. लिंडर-हार्थ यांनी 80 चे 85 आणि 64 चे 65 केले, म्हणून मूळ दुखणं बरं झालं नाही. सरासरी हा गर्दीचा गुणधर्म आहे, तुझ्या खुर्चीतल्या माणसाचा नव्हे. परीक्षेत सूत्र लिही आणि खाली दोन ओळीत त्याची मर्यादा लिही. परीक्षक चांगला असेल तर त्या दोन ओळींचेच मार्क देईल.

प्रश्न : चौदाव्या वर्षी दात न काढता तारा लावल्या होत्या. वर्षभर रिटेनर घातला, मग सुटला. आता 27 व्या वर्षी खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे. अक्कलदाढांनी ढकलले असं सगळे म्हणतात. त्या काढू का? जुनी मॉडेलं जपून ठेवली आहेत, नव्या डॉक्टरांनी ती मोजून दिली. *(पुणे)*

उत्तर : मॉडेलं जपलीत याबद्दल तुमचं कौतुक. आमच्या खात्यात लोक लग्नाचे अल्बम ठेवतात, मॉडेलं फेकतात.

त्या मापांतच सगळं आहे. खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर तारा लावण्याआधी 26.0, काढल्या त्या दिवशी 28.5, आणि आज 26.4. दात मूळ जागी परत आले आहेत. कायमचे सुळे आल्यानंतर हे अंतर आपसूक वाढत नाही. तारेने वाढवलं तर गाल, ओठ आणि जीभ मिळून ते बरंचसं परत घेतात. आमच्या शास्त्रात ठाम म्हणावीत अशी मापं थोडी. हे त्यातलं एक. अक्कलदाढा पुढच्या दातांना दाटी आणतात याला भक्कम पुरावा नाही. त्या किडल्या असतील, हिरडीत अडकून सुजत असतील तर जरूर काढा. दात सरळ होतील म्हणून काढू नका.

आणि हे वाचून बार्शीच्या ताईंनी असं समजू नये की दात काढले म्हणजे जन्माची ददात मिटली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या उपदाढा काढून उपचार केलेले 65 रुग्ण रिटेनर बंद केल्यानंतर किमान दहा वर्षांनी पुन्हा मोजले. 1981 चा अहवाल आहे. सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले नव्हते. तिथेही सुळ्यांमधली रुंदी कमीच झालेली.

तुमच्यासाठी : आता पुन्हा सरळ करायचे तर 26 च्या आसपासच राहून करा. दातांमधे थोडं घासून जागा काढता येईल. एका संपर्काला अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाऊ नये. आणि नंतर खालच्या सहा दातांच्या आतून कायमची बारीक तार चिकटवून घ्या. ती किती वर्षं ठेवायची? दात किती वर्षं सरळ हवेत, तितकी. सहा महिन्यांनी एकदा दाखवत जा, कारण एका दातावरून ती सुटलेली तुम्हाला कळणार नाही आणि तोच दात चुपचाप फिरेल.

प्रश्न : आमच्याकडे आता प्लास्टरचं माप घेतच नाहीत, तोंडात कॅमेरा फिरवतात आणि संगणक दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतो. ते जास्त अचूक ना? *(कोल्हापूर)*

उत्तर : ठसा घेताना उमासे येणाऱ्यांची सुटका झाली, एवढ्यासाठीच मी स्कॅनरचा ऋणी आहे. मापंही विश्वासार्ह येतात. पण दातांची कड कुठे धरायची हे पडद्यावरही माणूसच ठरवतो किंवा माणसाने शिकवलेला प्रोग्रॅम. दहा-बारा दात मोजले की प्रत्येकातला थोडा थोडा फरक बेरजेत साचतो. तेच मॉडेल दोघांनी मोजलं तर बेरीज अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. त्यामुळे कागदावर 6.47 लिहून आलं तरी मी ते साडेसहा असंच वाचतो. आणि तारेची रेषा? ती संगणकातही हाताने ओढून पुढे-मागे करता येते. ॲलायनरचा (तारांऐवजी घालायच्या पारदर्शक साच्यांचा) आराखडा आला की पहिल्यांदा खालचे पुढचे दात किती मिलिमीटर पुढे ढकललेत ते विचारा. स्कॅनची फाइल मागून घ्या, सुरुवातीची आणि उपचार संपल्यानंतरची, दोन्ही. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी पुण्याच्या वाचकासारखं पुन्हा मोजता येतं.